कर्नल कार्लोसची ढाल कशी वाचावी

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर, वाड्यांच्या दारांवर आणि चामडी बांधणीच्या पुस्तकांवर ढालीच्या आकाराची चित्रं असतात. सिंह, तारे, मुकुट, आडवे-उभे पट्टे. पाहणारा बहुधा ती सजावट समजून पुढे जातो. खरं तर ती वाचण्यासाठी असतात, आणि वाचण्याचा क्रम एकदा कळला की कोणालाही वाचता येतात.

आज आपण एकच ढाल घेऊन बसू. सोनेरी पृष्ठभाग, खाली हिरवं टेकाड, टेकाडावर ओकचं झाड, झाडावरून आडवा गेलेला लाल पट्टा आणि त्या पट्ट्यावर सोनेरी रंगाचे तीन मुकुट. ही ढाल विल्यम केअरलेस या राजपक्षीय अधिकाऱ्याची. पुढे तो कर्नल कार्लोस म्हणून ओळखला गेला.

हीच ढाल निवडण्यामागे कारण आहे. बहुतेक घराण्यांच्या ढालींवरचा सिंह किंवा तारा मुळात का आला, हे आज कोणालाच सांगता येत नाही. या ढालीवरच्या जवळजवळ प्रत्येक खुणेमागची घटना मात्र माहीत आहे, तारखेसकट. शिकायला यापेक्षा चांगली ढाल मला तरी सुचत नाही.

आधी ती घटना पाहू, कारण तिच्याशिवाय झाड नुसतं झाडच राहील.

1642 पासून इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं. राजाच्या बाजूने लढणारे ते राजपक्षीय. 1649 मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स स्कॉटलंडमधून फौज घेऊन आला, पण 3 सप्टेंबर 1651 रोजी वूस्टरच्या लढाईत पार्लमेंटच्या बाजूच्या क्रॉमवेलने त्याचा पुरता पराभव केला. चार्ल्स तेव्हा 21 वर्षांचा होता. त्याला पकडून देणाऱ्याला 1000 पौंडांचं इनाम जाहीर झालं.

चार्ल्स उत्तरेकडे पळाला आणि स्टॅफर्डशर-श्रॉपशरच्या सीमेवरच्या बॉस्कोबेल हाउसच्या परिसरात पोहोचला. पेंडरेल नावाचे कष्टकरी भाऊ तिथे राहत होते. केअरलेसही त्याच भागातला, ब्रूड गावाजवळचा. वूस्टरच्या रणांगणातून अगदी शेवटी निघालेल्यांत तो होता, आणि तोही बॉस्कोबेलला येऊन लपला होता.

6 सप्टेंबरला घरात थांबणं धोक्याचं वाटलं, म्हणून राजा आणि केअरलेस पाव, चीज आणि हलकी बिअर घेऊन एका ओकच्या झाडावर चढले. तीन-चार वर्षांपूर्वी शेंडा छाटलेलं ते झाड पुन्हा फुटून दाट झालं होतं, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. खाली रानात सैनिक शोध घेत फिरत होते. राजा थकून झोपला, तेव्हा केअरलेसने त्याला सावरून धरलं. ही हकीकत चार्ल्सने स्वतः 1680 मध्ये सॅम्युअल पेप्सला सांगून लिहवून घेतली. 1651 च्याच ऑक्टोबरच्या मध्यावर चार्ल्स बोटीने फ्रान्सला निसटला.

मुंबईकराला हा राजा अगदीच परका नाही. 1661 मध्ये पोर्तुगालच्या कॅथरीनशी त्याचं लग्न ठरलं, त्या तहात मुंबई त्याच्याकडे आली, आणि 1668 मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली.

आता ढालीकडे वळू. पण त्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. केअरलेस ही ढाल हातात घेऊन लढला, असं चित्र डोळ्यांपुढे येत असेल तर ते पुसून टाका. सतराव्या शतकात लढाईत कोणी घराण्याच्या ढालीवरून माणूस ओळखत नसे. बंदुका आणि तोफांच्या काळात ढाल केव्हाच मागे पडली होती. ओळख पटायची ती खांद्यावरून घेतलेल्या कापडी पट्ट्यावरून: राजपक्षीयांचा लालसर, आणि पार्लमेंटचा सेनापती एसेक्स याच्या माणसांचा नारिंगी. 1642 मध्ये एजहिलच्या लढाईत शत्रूने राजाचा ध्वज पळवला, तेव्हा जॉन स्मिथ नावाच्या राजपक्षीय अधिकाऱ्याने नारिंगी पट्टा घालून शत्रूच्या गर्दीत शिरून तो परत आणला. रणांगणावर ओळख किती साध्या गोष्टीवर टिकून होती, ते यावरून कळतं. ढाल या काळात मानाची आणि वारशाची खूण उरली होती.

पहिली पायरी बाजूंची. ढालीची उजवी-डावी पाहणाऱ्याच्या अंगाने ठरत नाही, ढाल धरणाऱ्याच्या अंगाने ठरते. रंगमंचावर उभ्या नटाचा उजवा हात प्रेक्षकांना डावीकडे दिसतो, तसंच हे. धरणाऱ्याच्या उजव्या बाजूला डेक्स्टर म्हणतात, डाव्या बाजूला सिनिस्टर. म्हणजे डेक्स्टर बाजू आपल्याला डावीकडे दिसते.

नवशिका सर्वांत जास्त इथेच घसरतो. कार्लोसच्या ढालीत सगळं मधोमध असल्यामुळे चूक लपून जाते, पण कोपऱ्यात खूण असलेली ढाल समोर आली की अख्खं वाचन उलटं होतं. म्हणून सवय पहिल्याच ढालीपासून लावून घ्यावी.

दुसरी पायरी पृष्ठभागाची. याला फील्ड म्हणतात: ढालीचा मूळ रंग, ज्यावर बाकी सगळं मांडलं जातं. वर्णन नेहमी इथून सुरू होतं. झाड कितीही मोठं आणि नजरेत भरणारं असलं तरी आधी फील्ड सांगायचं. आपल्या ढालीचं फील्ड सोनेरी आहे, आणि सोनेरीला ढालींच्या या शास्त्रात, म्हणजे हेराल्ड्रीत, ऑर म्हणतात.

रंगांची नावं जुन्या फ्रेंचमधून आली आहेत, आणि ती थोडीच आहेत. दोन धातू: ऑर म्हणजे सोनं आणि आर्जंट म्हणजे चांदी. चित्रात सोन्याऐवजी पिवळा आणि चांदीऐवजी पांढरा वापरला तरी चालतं. मुख्य रंग पाच: गुल्झ म्हणजे लाल, अझ्युअर म्हणजे निळा, व्हर्ट म्हणजे हिरवा, सेबल म्हणजे काळा आणि पर्प्युअर म्हणजे जांभळा. याशिवाय अर्मिनसारखे काही नमुने प्राण्यांच्या कातड्यांवरून आले, पण आज त्यांची गरज नाही.

यासोबत एक नियम कायम लक्षात ठेवावा: धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको. सोन्यावर चांदी किंवा निळ्यावर काळं ठेवलं तर लांबून दोन्ही एकमेकांत मिसळतात. कार्लोसच्या ढालीवर ताडून पाहू. सोन्यावर हिरवं टेकाड, चालतं. सोनेरी फील्डवर लाल पट्टा, चालतं. लाल पट्ट्यावर सोनेरी मुकुट, चालतं. मग हिरव्या झाडावरून लाल पट्टा कसा गेला? झाड त्याच्या स्वाभाविक रंगांत आहे, म्हणजे खोड तपकिरी आणि पानं हिरवी. अशा खुणेला प्रॉपर म्हणतात आणि तिला हा नियम तितक्या कडकपणे लावत नाहीत. शिवाय पट्टा मुळात सोनेरी फील्डवर आहे, झाड वाटेत आलं इतकंच.

तिसरी पायरी झाडाची. फील्डवर ठेवलेल्या कुठल्याही खुणेला चार्ज म्हणतात. आपल्या ढालीचा पहिला चार्ज ओक, आणि तो टेकाडावर उभा आहे. टेकाडाला माउंट म्हणतात. जमिनीतून उगवलेलं झाड दाखवायचं असेल तर ते असं माउंटवर ठेवतात.

इथे पुष्कळदा असा प्रश्न येतो की, झाडावर माणसं का नाहीत? नंतरच्या छापील चित्रांत फांद्यांमध्ये राजाचा चेहरा डोकावताना दिसतो, पण ढालीवर तसं काही नाही. ढालीवर अख्खा प्रसंग चितारत नाहीत. प्रसंगातली एक वस्तू उचलतात आणि बाकीचं पाहणाऱ्याच्या माहितीवर सोडतात. त्या काळातल्या इंग्रज माणसाला मुकुटाजवळचं ओक दिसलं की बॉस्कोबेल आठवे.

चौथी पायरी पट्ट्याची. ढालीच्या मधून आडव्या जाणाऱ्या रुंद पट्ट्याला फेस म्हणतात. असे काही ठराविक भौमितिक आकार या शास्त्राचा कणा आहेत: उभा पट्टा पेल, तिरपा पट्टा बेंड, घराच्या छपरासारखा कोन शेव्हरॉन, फुलीसारखा सॉल्टायर.

पट्ट्याचं स्थान इथे नीट पाहावं. तो झाडाच्या पुढे आहे. खोड पट्ट्यामागून वर गेलं आहे आणि पट्ट्याच्या वरून पुन्हा दिसतं. ढालीचं चित्र सपाट दिसलं तरी त्यात थर असतात, आणि वर्णनाचा क्रम म्हणजे त्या थरांचा क्रम. हा पट्टा झाडाच्या मागे काढला तर ती दुसरीच ढाल होईल.

पाचवी पायरी मुकुटांची. या ढालीचा अर्थ सर्वांत दाट इथेच आहे, म्हणून थोडं थांबू. तीन मुकुट म्हणजे तीन राज्यं: इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड. ही ढाल बहाल झाली 1658 मध्ये. चार्ल्स तेव्हा युरोपात परागंदा होता आणि या तीनपैकी एकाही राज्यावर त्याची प्रत्यक्ष सत्ता नव्हती. तो गादीवर परतला 1660 मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. हातात जमीन नाही, तिजोरी रिकामी, अशा राजाने आपल्या माणसाला तीन राज्यांचे मुकुट ढालीवर मिरवण्याचा हक्क दिला. म्हणून ही ढाल फक्त आभार मानत नाही, ती गादीवरचा दावाही सांगते. ते तीन मुकुट अजून माझेच आहेत, हे राजाने आपल्या अधिकाऱ्याच्या ढालीवरून सगळ्या युरोपला कळवलं.

राजाने त्याला नावही नवं दिलं. कार्लोस हे चार्ल्स या नावाचं स्पॅनिश रूप. म्हणजे सेवकाच्या नावात राजाचं नाव आणि त्याच्या ढालीवर राजाचे मुकुट. राजाच्या स्वतःच्या खुणा इतक्या जवळून वापरण्याची मुभा फार थोड्यांना मिळत असे.

आता सगळं जोडू. ढालीच्या ठराविक भाषेतल्या वर्णनाला ब्लेझन म्हणतात. कार्लोसच्या ढालीचं ब्लेझन मराठीत असं होईल: सोनेरी फील्डवर, हिरव्या टेकाडावर स्वाभाविक रंगातलं ओकचं झाड, त्यावरून लाल फेस, आणि फेसवर स्वाभाविक रूपातले तीन राजमुकुट. फील्ड, मग झाड, मग त्यावरचा पट्टा, मग पट्ट्यावरची खूण. तळापासून वर. हा क्रम मोडला नाही तर ढाल न पाहिलेला चित्रकारही नुसतं ऐकून ती बरोबर काढू शकतो.

म्हणूनच अधिकार ब्लेझनला असतो, चित्राला नाही. एका चित्रात झाड गोलसर आणि दुसऱ्यात पसरट असेल, एकात पानं मोजकी असतील, एकात मुकुटाची घडण जरा निराळी असेल. पाहणारा गोंधळतो की यातली खरी ढाल कुठली. ब्लेझनशी जुळत असतील तर सगळ्याच खऱ्या. चित्रकाराला तेवढी मोकळीक परंपरेनेच दिलेली आहे.

सहावी पायरी ढालीच्या वरची. वर शिरस्त्राण असतं, आणि त्यावरून पदवी कळते. पोलादी आणि बंद झडपेचं, बाजूला वळलेलं शिरस्त्राण साध्या प्रतिष्ठित गृहस्थाचं. उघड्या झडपेचं, समोर तोंड केलेलं नाइटचं. चांदीचं, सोनेरी गजांचं असेल तर उमरावाचं. शिरस्त्राणावर पिळलेल्या कापडाचं कडं असतं, ते बहुधा ढालीच्या मुख्य धातूचं आणि मुख्य रंगाचं. मागून दोन्ही बाजूंना फाटक्या वस्त्रासारखी झालर उतरते. चित्रकार तिच्यात हवी तेवढी नक्षी करतो, तिच्यात वेगळा अर्थ शोधू नये.

त्या कड्यावर जी खूण उभी असते ती क्रेस्ट. आपण तिला शिरस्त्राणावरचा तुरा म्हणू. इंग्रजी बोलणारेसुद्धा अख्ख्या चित्राला क्रेस्ट म्हणून टाकतात, ती चूक आहे. क्रेस्ट म्हणजे फक्त वरचा तुरा.

कार्लोसचा तुरा ढालीइतकाच विचारपूर्वक केलेला आहे. ओकच्या पानांचा गोल हार, आणि त्यातून फुलीच्या आकारात आरपार गेलेली तलवार आणि राजदंड. प्राचीन रोममध्ये नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा मुकुट देत. म्हणजे ओक इथे दुहेरी काम करतं: ते बॉस्कोबेलचं झाडही आहे आणि जीव वाचवल्याचा रोमन सन्मानही. तलवार सैनिकाची, राजदंड राजाचा, आणि दोघांना बांधणारा हार त्या झाडाचा. हे ज्याने जुळवलं त्याला आपलं शास्त्र पक्कं येत होतं.

खाली ब्रीदवाक्य असतं. कार्लोसचं लॅटिनमध्ये आहे. निष्ठावान प्रजाजन हेच राजाचं आणि राज्याचं रक्षण, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये ब्रीदवाक्य सहसा बदलता येतं, त्यामुळे ढाल ओळखताना केवळ त्यावर विसंबू नये.

आता या ढालीच्या शेजारच्या ढाली पाहू. ढाल नीट कळते ती जवळच्या ढालींशी ताडून पाहिल्यावरच.

पेंडरेल कुटुंबालाही याच प्रसंगाबद्दल ढाल मिळाली, आणि ती जवळजवळ हीच आहे: टेकाडावर ओक, आडवा पट्टा, तीन मुकुट. फरक रंगांचा. त्यांचं फील्ड चांदीचं, म्हणजे पांढरं, आणि पट्टा काळा. दोन वेगळ्या कुटुंबांना एकच ढाल देता येत नाही, म्हणून आकृती तीच ठेवून रंग बदलले. घाईने पाहणारा इथे हमखास फसतो. झाड आणि मुकुट दिसले की तो कार्लोसचं नाव घेतो. म्हणून झाडाकडे पाहण्याआधी फील्डचा रंग पाहावा, जसा ब्लेझनचा क्रम सांगतो.

दुसरी शेजारची ढाल बेंटलीच्या लेन घराण्याची. कर्नल जॉन लेन हाही राजपक्षीय अधिकारी. त्याच्या बहिणीने, जेन लेनने, चार्ल्सला विल्यम जॅक्सन नावाचा नोकर बनवून आपल्याच घोड्यावर पुढे बसवलं आणि ब्रिस्टलच्या दिशेने नेलं. लेन घराण्याकडे जुनी ढाल आधीपासून होती: वरचा भाग सोनेरी, खालचा निळा, मध्ये लाल शेव्हरॉन आणि तीन तारे. राजाने ती बदलली नाही, तिच्यात भर घातली. अशा भरीला ऑगमेंटेशन म्हणतात: खास कामगिरीबद्दल ढालीवर वाढवलेली मानाची खूण.

ती भर म्हणजे वरच्या डेक्स्टर कोपऱ्यातला लाल चौकोन, आणि त्यात इंग्लंडचे तीन सोनेरी सिंह. चौकोनाला कँटन म्हणतात. पहिली पायरी इथे कामी येते: हा चौकोन आपल्याला वर डावीकडे दिसेल. तुऱ्यात त्यांना घोडा मिळाला, लालसर-पांढऱ्या केसांचा, पुढच्या पायांत राजमुकुट धरलेला. जेनच्या त्या प्रवासाची ती आठवण. जुनं घराणं असेल तर जुन्या ढालीत भर, आणि कार्लोसच्या बाबतीत अख्खी ढालच त्या एका दिवसाभोवती रचलेली. माझ्या मते कार्लोसची ढाल अधिक बोलकी आहे, कारण तिच्यात त्या दिवसाशिवाय दुसरं काहीच नाही.

यापुढच्या चुका बहुतेक पुस्तकी आहेत, आणि लोक त्या फार आत्मविश्वासाने करतात. लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, सोनेरी म्हणजे औदार्य, अशा याद्या सगळीकडे सापडतात. त्यांच्या आधारे ढाल वाचू नका. कार्लोसचा पट्टा लाल आहे तो शूरांचा रंग म्हणून, असं ठरवायला काही आधार नाही. सोन्यावर तो ठळक दिसतो आणि पेंडरेलच्या काळ्या पट्ट्याहून वेगळा ठरतो, हे मात्र डोळ्यांना दिसतं. झाड, मुकुट आणि ओकचा हार यांचे अर्थ आपण सांगू शकतो, कारण त्यांच्यामागे घडलेला प्रसंग आहे.

दुसरी चूक आडनावाची. अमुक आडनावाची ढाल म्हणून छापील चित्रं विकली जातात. इंग्लंडमध्ये ढाल आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळते, आणि त्याच्या औरस वंशजांकडे जाते. नोंदी लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये असतात. ही संस्था 1484 मध्ये तिसऱ्या रिचर्डने स्थापली. केअरलेस किंवा कार्लोस आडनाव असलं म्हणजे ओक आणि मुकुट आपोआप आपले होत नाहीत.

ढालीवर चंद्रकोर, तारा किंवा बिनपायांचा पक्षी अशी एखादी बारीक खूण जादा दिसली तर ती बहुधा धाकट्या मुलाची खूण असते: चंद्रकोर दुसऱ्याची, तारा तिसऱ्याचा, पक्षी चौथ्याचा. आणि ढाल उभी दुभागून दोन वेगळ्या आकृत्या शेजारी असतील तर ती बहुधा नवराबायकोची ढाल. नवऱ्याची आकृती डेक्स्टर बाजूला, म्हणजे आपल्या डावीकडे.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा. जुन्या पुस्तकातलं ढालीचं चित्र काळ्या शाईचं असतं, मग रंग कळणार कसे? त्यासाठी रेघांची एक रीत आहे, आणि तिचा प्रसार पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइटाच्या 1638 च्या पुस्तकापासून झाला. ठिपके म्हणजे सोनं. कोरी जागा म्हणजे चांदी. उभ्या रेघा लाल, आडव्या रेघा निळा. आपल्याला दिसणाऱ्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या रेघा हिरवा. उभ्या-आडव्या रेघांची जाळी काळा.

तेव्हा ओक आणि तीन मुकुटांची काळीपांढरी ढाल कधी समोर आली, तर भिंग घेऊन फक्त दोन जागा तपासा. झाडाच्या आजूबाजूला ठिपके आणि पट्ट्यावर उभ्या रेघा असतील तर ती कार्लोसची. झाडाभोवती कोरी जागा आणि पट्ट्यावर जाळी असेल तर पेंडरेलची.